घरचा कॅल्शियम रिअ‍ॅक्टर: हिशेब, नळ्या आणि बाटला

बडोद्यातल्या मांजलपूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: सम्प (मुख्य टाकीखालची, पाणी साफ करायची जोडटाकी) धरून ३५० लिटर खारं पाणी, दीड वर्ष चाललेली रीफ म्हणजे प्रवाळांची टाकी, प्रवाळं आता चांगली वाढायला लागलीत. तीन दिवस काहीही न घालता मोजलं तर अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला बायकार्बोनेटचा साठा, रोज १.४ डीकेएच (तो मोजायचं एकक) उतरते. बाहेरून येणारा तयार कॅल्शियम रिअ‍ॅक्टर परवडत नाही. काका, घरी बांधता येईल का आणि गडबड कुठे होते?

काका म्हटलंस, तेव्हा अरे-तुरे करायला हरकत नसावी. बांधता येतो. पहिला मी दांडिया बाजारातल्या जुन्या घरात बांधला होता, आता कारेलीबागेत चालतोय तो तिसरा. माझी सगळी नोकरी खताच्या कारखान्यात, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली. गॅसचा दाब उतरवणारा रेग्युलेटर, विजेवर उघडणारा-मिटणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, पाणी किती आंबट ते मोजणारा पीएचचा प्रोब यांच्याशी रोजचं उठणं-बसणं. तरी पहिले दोन रिअ‍ॅक्टर बिघडले, कारण हिशेब न करता पाइप कापला. तू निदान मोजून विचारतोयस, म्हणून आधी तुझाच हिशेब मांडू.

रिअ‍ॅक्टर करतो काय, तर सोड्याच्या पाण्यात खडू विरघळवतो. टाकीतलं थोडं पाणी एका बंद नळकांड्यात घ्यायचं, त्यात कार्बन डायऑक्साइड सोडून ते आंबट करायचं आणि चुनखडीच्या खड्यांमधून पुन्हा पुन्हा फिरवायचं. खडा विरघळतो, त्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट सुटतं, ते पाणी हळूहळू टाकीत परत येतं. प्रवाळ आपला सांगाडा बांधताना ज्या प्रमाणात या दोन गोष्टी उचलतं, त्याच प्रमाणात खड्यातून त्या मिळतात. म्हणून एकदा बसवला की कॅल्शियम वर आणि अल्कलिनिटी खाली अशी ओढाताण होत नाही. १ डीकेएच उतरली की साधारण ७ पीपीएम कॅल्शियम गेलं असं धर. म्हणजे तुझ्या टाकीत रोज १० पीपीएम.

आता ३५० लिटर गुणिले १.४, म्हणजे ४९० 'डीकेएच-लिटर' तुला रोज परत द्यायचेत. चुनखडीच्या वजनात हे होतात पावणेनऊ ग्रॅम. दिवसाला पावणेनऊ, वर्षाला सव्वातीन किलोच्या आत-बाहेर. हा एक आकडा हातात आला की नळकांडं केवढं हवं, गॅसचा बाटला केवढा हवा, खडे किती दिवस पुरतील, सगळं त्यातून निघतं. बहुतेक जण उलटं करतात. चार इंची पाइपाचा तुकडा घरात पडलेला असतो, म्हणून चार इंची रिअ‍ॅक्टर.

पण बांधण्याआधी एक विचारतो: तू चुन्याची निवळी वापरून पाहिलीस का? जर्मन लोक तिला 'काल्कवासर' म्हणतात आणि आपले लोक ते जर्मन नाव कौतुकाने घेतात. आहे ती निवळीच. आरओ-डीआयच्या, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या पाण्यात लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळतं, जास्त घातलं तर तळाशी बसतं. वरचं नितळ पाणी, उडून गेलेल्या पाण्याच्या बदली, रात्री थेंब थेंब सोडायचं. लिटरभर निवळी म्हणजे ११२ डीकेएच-लिटर. वैशाखात बडोद्यात पंखे लावलेल्या टाकीतून रोज चार लिटर पाणी सहज उडतं. चार लिटर निवळी म्हणजे ४४८. तुझी गरज ४९०. म्हणजे मे महिन्यात तुला रिअ‍ॅक्टर जवळजवळ लागतच नाही!

मग लागतो कधी? श्रावणात. हवा ओली झाली की माझ्या टाकीतून दीड-दोन लिटरच्या वर पाणी उडत नाही. निवळी घालायला जागाच नसते आणि प्रवाळांची भूक तर तेवढीच असते. शिवाय तुझी प्रवाळं वाढतायत, पुढच्या वर्षी हीच भूक दोन डीकेएचवर जाईल. म्हणून माझं मत असं: रिअ‍ॅक्टर बांध, पण निवळी सोडू नकोस. रिअ‍ॅक्टर टाकीचा पीएच खाली ओढतो, निवळी वर नेते. दोघांचं जमतं. फक्त चुना पानवाल्याकडचा नको. त्यात मॅग्नेशियम किती, माती किती, कुणालाच ठाऊक नसतं. प्रयोगशाळेच्या दर्जाचा किंवा खाद्य दर्जाचा घे, आणि हात-डोळे सांभाळ. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो.

नळकांड्याकडे येऊ. तुझ्यासाठी १०० मिलिमीटर व्यासाची, ५० सेंटीमीटर उंचीची अ‍ॅक्रिलिकची नळी पुरते. त्यात खड्यांचा थर ४० सेंटीमीटर धरला तर तीन लिटरच्या आसपास जागा आणि चार किलोच्या आसपास खडे. वर्षाला सव्वातीन किलो जाणार, म्हणजे चार महिन्यांनी वरून किलोभर टाकलं की झालं. नळी पारदर्शक असावी हा माझा हट्ट आहे. पीव्हीसी स्वस्त पडतो, पण आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि नवशिक्याला दिसायला हवं. तरीही पीव्हीसीच घ्यायचा असेल तर शिसेमुक्त लिहिलेला, पिण्याच्या पाण्याचा पाइप घे. आपल्याकडे पीव्हीसी पाइपांत शिशाचं स्टॅबिलायझर वर्षानुवर्षं वापरलं गेलं, केंद्र सरकारचे त्यावरचे नियम २०२१ मध्ये आले. आणि तू त्या पाइपात आंबट पाणी चोवीस तास फिरवणार आहेस. शेतावरून उचलून आणलेला जुना तुकडा तर नकोच.

अ‍ॅक्रिलिकचं काम मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत होतं. बोर्ड, ट्रॉफ्या, मशीनची कव्हरं करणारे कारागीर आहेत, त्यांना हाताने काढलेलं चित्र दाखव. खाली ८ मिलिमीटरची पाटी, वर त्याच जाडीची कडी, तिच्यात ओ-रिंगसाठी खाच, आणि झाकण आठ नायलॉनच्या स्क्रूंनी आवळलेलं. स्टीलचे स्क्रू देतील, घेऊ नकोस. खाऱ्या हवेत स्टेनलेस म्हणवणारं स्टीलही सहा महिन्यांत तांबूस होतं. पितळ पाण्याच्या बाजूला कुठेच नको. तांबं पाण्यात उतरलं तर कोळंबी आणि प्रवाळं आधी जातात. पितळ फक्त गॅसच्या कोरड्या बाजूला चालेल.

भोकं तीनच पाड. पहिलं बाजूने, झाकणाच्या दोन इंच खाली: फिरवणाऱ्या पंपाचं तोंड इथून पाणी ओढतं. दुसरं बाजूने, तळाशी: पंप इथून पाणी आत ढकलतो. खड्यांखाली जाळीची पाटी ठेव, तिच्याखाली दोन इंच मोकळी जागा, म्हणजे पाणी सगळीकडून सारखं वर चढतं. तिसरं झाकणाच्या मधोमध, पाव इंची: इथून तयार पाणी बाहेर पडतं. टाकीतून येणारं पाणी आणि गॅस, दोन्हीच्या नळ्या पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला टी लावून जोड. गॅसचा बुडबुडा पंपाच्या पात्यात सापडून बारीक होतो आणि लगेच विरघळतो. जो उरतो तो वर जातो आणि तयार पाण्याबरोबर आपोआप बाहेर पडतो. तासाला हजार लिटरचा साधा पंप यासाठी भरपूर आहे, फक्त बाहेर ठेवून चालवता येणारा हवा.

पाण्यासाठी पाव इंची आरओची नळी आणि दाबून बसणारे जोड, हे कुठल्याही आरओ दुरुस्तीवाल्याकडे मिळतात. गॅससाठी सिलिकॉनची नळी वापरू नकोस, कार्बन डायऑक्साइड तिच्यातून आरपार निघून जातो. न्यूमॅटिकच्या दुकानातली पॉलियुरेथेनची निळी नळी घे. मी रावपुऱ्यात दोन्ही नळ्या एकदम मागितल्या तेव्हा दुकानदार म्हणाला, "काका, आ पाणी माटे के गॅस माटे?" मी म्हटलं, "बेउ माटे," दोन्हीसाठी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घरात बाँब बनवतोय. त्याची शंका अगदीच वेडी नव्हती, बाटल्याकडे येतोच आहे.

आधी खडे. रिअ‍ॅक्टरमध्ये अ‍ॅरागोनाइट हवं, म्हणजे चुनखडीचं ते रूप ज्यापासून पाषाणी प्रवाळांचा सांगाडा बनतो. ते ६.५ ते ६.८ पीएचला नीट विरघळतं. संगमरवरही चुनखडीच, पण कॅल्साइट. ते विरघळायला पाणी आणखी आंबट करावं लागतं. मी अंबाजीच्या पांढऱ्या संगमरवरी खडीवर तीन महिने काढले. गॅस जास्त जाळला, टाकीचा पीएच ७.७ वर आला आणि अल्कलिनिटी हवी तेवढी चढलीच नाही. पोरबंदरी दगडाबद्दलही लोक विचारतात. तो वाऱ्याने साठलेल्या वाळूपासून झालेला चुनखडक आहे, त्यात चुन्याखेरीज काय काय आलंय ते खाणीखाणीवर बदलतं. घर बांधायला उत्तम, यात घालायला नको.

कुणीतरी तुला हमखास सांगेल, ओख्याकडे किनाऱ्यावर प्रवाळाचे तुकडे पडलेले असतात, पोतं भरून आण. आणू नकोस. पाषाणी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. मेलेला सांगाडा उचलणंही त्यात आलं. कच्छच्या आखातात तर सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. आणि हा नुसता कायद्याचा धाक नाही: त्या तुकड्यांवर नवी प्रवाळं धरतात. तुझ्या टाकीतल्या प्रवाळांचे कागद नीट असावेत हे तुला निराळं सांगायला नको. आयात केलेलं रिअ‍ॅक्टरचं अ‍ॅरागोनाइट महाग वाटतं, पण वर्षाला सव्वातीन किलोच लागणार आहे. इथे कंजुषी कशाला?

खडे ज्वारीच्या दाण्याएवढे नकोत, काबुली चण्याच्या आकाराचे हवेत. बारीक असले की एकमेकांत बसून दगडी होतात आणि पाणी एकाच बाजूने वाट काढतं. आरओच्या पाण्यात धू, धुतलेलं पाणी नितळ होईपर्यंत धू. वर ओंजळभर डोलोमाइटचे, म्हणजे मॅग्नेशियम असलेल्या चुनखडकाचे खडे मिसळलेस तर मॅग्नेशियमची थोडी भर पडते. अगदी थोडी. मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या खाली असेल तर ते वेगळं घालूनच वर आण. हेच कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचंही. रिअ‍ॅक्टर आहे तिथे धरून ठेवतो, खाली गेलेलं वर आणायचं काम त्याचं नाही. सुरू करण्याआधी कॅल्शियम ४२०, अल्कलिनिटी ८ आणि मॅग्नेशियम १३०० करून घे.

आता बाटला. इथे जरा थांब, कारण बाकी सगळं चुकलं तर फरशी ओली होते, इथे चुकलं तर माणूस जातो.

कार्बन डायऑक्साइड बाटल्यात द्रव असतो, आणि वरच्या घड्याळात दिसणारा दाब हा तापमानाचा दाब असतो. २० अंशांना ५७ बार, ३० अंशांना ७२. आत द्रवाचा घोट शिल्लक असेपर्यंत घड्याळ तेच दाखवणार, मग बाटला भरलेला असो की अर्धा. जानेवारीत सकाळी काटा खाली आलेला बघून तुला वाटेल गळतोय. गळत नाही, थंडी आहे. किती उरलंय ते वजनावरच कळतं. सामान तोलायचा हातातला काटा घे आणि बाटल्यावर कोरलेलं रिकामं वजन वजा कर. ३१ अंशांच्या वर तर द्रव-वायू हा भेदच मिटतो आणि दाब भरणाऱ्याने किती भरलंय त्यावर चढत जातो. आपल्याकडे मेमध्ये बंद गॅलरीत ४५ अंश सहज होतात. म्हणून बाटला गच्चीवर नको, उन्हात नको, गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला जाणं तर नकोच. भरून घेताना 'काका, थोडा जास्तीचा टाकून देतो' म्हणणाऱ्याला हात जोड.

बाटला परवानाधारक भरणाऱ्याकडूनच घे, गळ्याजवळ हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीची) तारीख वाच, पाच वर्षांच्या वर गेली असेल तर परत दे. आग विझवायचा जुना बाटला स्वस्तात मिळतो, त्याचा मोह मलाही झाला होता. त्याच्या आत तळापर्यंत गेलेली नळी असते, उभा ठेवला की वायूऐवजी द्रव बाहेर येतो. असा बाटला रेग्युलेटरला जोडला तर रेग्युलेटर गोठून निकामी होतो आणि पुढचं काही सांगता येत नाही. आणखी एक. बाहेरून मागवलेल्या रेग्युलेटरचे आटे आपल्या बाटल्याला बसत नाहीत. खरादवाल्याकडून जोड बनवून घेऊ नकोस. माझ्या ओळखीचे खरादवाले फार गुणी आहेत, पण ७० बारच्या जोडाला दाखल्यासह तयार अ‍ॅडॉप्टरच हवा.

बाटला केवढा? तुझा पावणेनऊ ग्रॅम खडा विरघळवायला कागदावर रोज चार ग्रॅमला जरा कमी गॅस लागतो. थोडा वाया जातो, म्हणून आठ धर. दोन किलोचा बाटला आठ महिने पुरेल. दुकानदार साडेचार किलोचा खपवू बघेल, कारण भरायचा खर्च जवळजवळ तेवढाच. पण हिशेब कर: १२ बाय १२ च्या, दहा फूट उंच खोलीत साडेचार किलो गॅस एकदम सुटला तर हवेत तो सहा टक्क्यांच्या आसपास होतो. चार टक्क्यांनाच जिवाला तात्काळ धोका मानतात. हवेपेक्षा जड, त्यामुळे खाली साठतो, आणि आपल्याकडे खाली गादी घालून झोपायची पद्धत. म्हणून दोन किलोचाच घे, भिंतीला साखळीने बांध, आणि एसी लावून जिथे कुणी झोपतं त्या खोलीत ठेवू नकोस. लिंबूसत्त्व आणि खायचा सोडा घालून बाटलीत गॅस करणारे आहेत. पाणवनस्पतींच्या टाकीला ते चालतं. इथे रोज सारखा, मोजका गॅस हवा, तो त्यातून मिळत नाही.

रेग्युलेटरनंतर सोलेनॉइड, मग गॅस अगदी बारीक सोडता येणारा नीडल व्हॉल्व्ह, मग बुडबुडे मोजायची छोटी बाटली, मग उलटा प्रवाह अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि मग पंपाकडे जाणारी नळी. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर पैसे वाचवू नकोस. गॅस संपला की खारं पाणी उलटं चढतं, आणि रेग्युलेटरच्या पोटात एकदा मीठ गेलं की तो भंगारात.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्याच्यावर घालवला ते म्हणजे पाणी आत घ्यायचं आणि बाहेर सोडायचं प्रमाण. तयार पाण्याची अल्कलिनिटी २५ डीकेएच धर. टाकीत ८ आहे, म्हणजे प्रत्येक लिटर १७ ची भर घालतो. ४९० भागिले १७, म्हणजे रोज २९ लिटरच्या जरा आत, मिनिटाला २० मिलिलिटर. लोक याला थेंब म्हणतात. अरे, २० मिलिलिटर म्हणजे मिनिटाला चारशे थेंब, कोण मोजणार? मोजपात्र घे, पाच मिनिटं धर, १०० मिलिलिटर आलं पाहिजे.

सुरुवातीला मी सलाइनचा सेट लावला होता. त्याची ती सरकती चकती फार लोभस वाटते. दुपारी २० ला लावायचो, रात्री १४, सकाळी ९. नळीत बुळबुळीत थर धरतो, चकतीखाली प्लास्टिक हळूहळू बसतं, आणि धार मरते. धार मरली पण गॅस तेवढाच चालू राहिला, की आतलं पाणी आंबटच आंबट होत जातं. नवशिक्यांचे रिअ‍ॅक्टर बहुतेक यानेच बिघडतात. ते पीएच प्रोबला दोष देतात, गॅसवाल्याला देतात, आणि गुन्हेगार असते ती अडीच रुपयांची चकती.

तेव्हा पेरिस्टाल्टिक पंप घे, म्हणजे नळी दाबत दाबत पाणी पुढे सरकवणारा, सतत चालणारा, आणि तो पाणी आत ढकलायच्या बाजूला लाव. बाहेर ओढायच्या बाजूला लावणारेही आहेत. ढकलणारा असेल तर कुठे फट असली की बाहेर पाण्याचा थेंब दिसतो. ओढणारा असेल तर त्याच फटीतून हवा आत जाते आणि तू आठवडाभर डोकं खाजवत बसतोस. बाहेरच्या नळीवर कुठलाही नळ, चिमटा, व्हॉल्व्ह लावायचा नाही. तिथे अडलं की आत दाब वाढतो आणि झाकण गळतं. ही नळी दर महिन्याला काढून पाण्याने झटक, पेरिस्टाल्टिकची आतली नळी सहा महिन्यांनी बदल.

बांधून झालं की साध्या पाण्याने भरून दोन दिवस चालव, खाली वर्तमानपत्र पसरून. डोळ्याला न दिसणारी गळती कागदावर गोल डाग होऊन दिसते. मग खडे घाल, टाकीचं पाणी घे, गॅस मिनिटाला १५ बुडबुडे. पहिले दहा लिटर तयार पाणी बादलीत घेऊन फेकून दे, नव्या खड्यांचा गढूळपणा आणि फॉस्फेट त्यात उतरलेलं असतं. त्यानंतर धार सम्पमध्ये स्किमरच्या (फेस करून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) तोंडाजवळ सोड, म्हणजे उरलेला गॅस तिथे झडतो. रोज एकाच वेळी अल्कलिनिटी मोज, धारेचीही आणि टाकीचीही. धारेची २५ च्या खाली असेल तर दोन-तीन बुडबुडे वाढव आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नकोस. माझ्याकडे २५ ते ३० बुडबुड्यांच्या दरम्यान बसलं. तुझा बुडबुडा माझ्या बुडबुड्याएवढा असेलच असं नाही.

पीएच कंट्रोलर, म्हणजे पीएच ठरल्यापेक्षा खाली आला की गॅस बंद करणारं यंत्र, घ्यावा का? घे, पण त्याच्या भरवशावर झोपू नकोस. माझा दुसरा रिअ‍ॅक्टर कंट्रोलरवर होता. गॅस मी सढळ सोडला होता, कारण ६.६ ला सोलेनॉइड बंद होणारच होता. एका रविवारी तो बंद झाला नाही, मिठाचा कण अडकला असावा. सोमवारी संध्याकाळी कपाट उघडलं तर नळीतला थर चार बोटं खाली बसलेला. झाकण काढून हात घातला, तर खडे राहिलेच नव्हते. ओल्या खडूचा पांढरा चिखल, बोटांमधून साबुदाण्याच्या लापशीसारखा ओघळणारा. आतला पीएच ५.९, टाकीची अल्कलिनिटी १३. दोन प्रवाळांची टोकं त्या आठवड्यात पांढरी पडली. आता मी नीडल व्हॉल्व्हच असा आवळतो की सोलेनॉइड कायमचा उघडा राहिला तरी आतला पीएच ६.५ च्या खाली जाऊ नये. कंट्रोलर दिवसातून एकदाही 'टक्' करत नसेल तर व्हॉल्व्ह बरोबर लागला. प्रोब महिन्याला ७ आणि ४ च्या द्रावणात तपास, इथे १० चं द्रावण उपयोगाचं नाही. प्रोब आणि अल्कलिनिटीची टेस्ट यांचं भांडण लागलं तर टेस्टचं ऐक.

बाटला संपत येतो तेव्हा काही रेग्युलेटर शेवटचा गॅस भसकन सोडतात. म्हणून वजनाने पाव किलो उरला की बदल, शून्याची वाट बघू नकोस.

वीज गेली की सोलेनॉइड बंद झाला पाहिजे, उघडा राहता कामा नये. घेताना दुकानात वीज काढून फुंकून बघ. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा आमच्याकडे दीड दिवस वीज नव्हती. खाली रस्त्यावर पाणी, लोक एकमेकांना मगरीचे व्हिडिओ पाठवतायत, आणि मी मेणबत्ती धरून बॅटरीच्या हवेच्या पंपाने टाकी जगवत बसलेलो. गॅस आपोआप थांबला होता, त्याची चिंता करावी लागली नाही. पण वीज आल्यावर रिअ‍ॅक्टर थेट सुरू केला असता तर वाईट झालं असतं. दीड दिवस साचलेल्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत होता. ते सगळं बादलीत काढलं, दोनदा नवं पाणी फिरवलं, मग धार सम्पमध्ये सोडली.

राहता राहिली एक गोष्ट, अगदी सुतारकामाची. मकरपुऱ्याला जाण्याआधी टाकीखालच्या कपाटाची आतली उंची मोज. रिअ‍ॅक्टर ५० सेंटीमीटर, वर झाकण, नळीचं वळण, आणि त्याच्याही वर पेचकस धरलेला हात मावला पाहिजे. माझा पहिला रिअ‍ॅक्टर कपाटात अगदी मापात बसला होता. आठही स्क्रू डोळ्यांसमोर दिसायचे आणि एकही काढता यायचा नाही. किलोभर खडे घालायचे म्हणजे सगळ्या नळ्या सोडायच्या, ओला नऊ-दहा किलोचा नळा उचलून मोरीत न्यायचा, आणि बायको पाठीमागून फडकं घेऊन.